भूल देण्याआधी सर्दी लपवू नका

हर्निया किंवा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की सेलू तालुक्यातले आईबाप लेकराला घेऊन सेवाग्राम किंवा सावंगी गाठतात. भूलतज्ज्ञ विचारतात, ‘सर्दी-खोकला आहे का?’ नाक वाहत असले तरी उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असे येते. तारीख पुढे गेली तर आणखी एका दिवसाची मजुरी बुडते. आईबापाची ही अडचण खरी आहे, पण धोका मुलाच्या वाट्याला येतो.

लहान मुलांना बहुधा मास्कमधून औषध हुंगवून भूल देतात. पूर्वी हॅलोथेन असे, आता सेव्होफ्लुरेन. सुई न टोचता मूल झोपते, ही मोठीच सोय. मात्र हीच औषधे श्वास उथळ करतात आणि घशाचे स्नायू सैल करतात. हवा न पोहोचणाऱ्या फुप्फुसाच्या भागातून रक्त दुसरीकडे वळवण्याची शरीराची युक्तीही त्यांनी मंदावते. तान्ह्या बाळाची ऑक्सिजनची गरज वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट, आणि फुप्फुसातला साठा तोकडा. श्वास अडला की ऑक्सिजन झपाट्याने घसरतो, पाठोपाठ हृदयाचे ठोके मंदावतात. सर्दीने श्वासमार्ग हुळहुळा झाला असेल तर स्वरयंत्र आकसून वाटच बंद होऊ शकते. हा हुळहुळेपणा सर्दी ओसरल्यावरही काही आठवडे टिकतो. घरातला विडी-सिगारेटचा धूर त्यात भर घालतो.

करोनाने घरोघरी नेलेल्या ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्ये मांडले. त्याआधी ओठ निळे पडतात का हे पाहावे लागे, आणि सावळ्या कातडीवर ते उशिराच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या सुरक्षा यादीनुसार भूल देण्याआधी हे यंत्र लागून चालू असले पाहिजे. थिएटरमध्ये ते पाळले जाते. ढिलाई होते ती मुलाला टेबलावरून वॉर्डात नेताना. औषधाचा अंमल उतरलेला नसतो आणि बोटावरचा चिमटा मात्र काढलेला असतो. मूल पुरते जागे होईपर्यंत तो काढू नये.

आदल्या दिवशी रुग्णालयाने एक फोन करून मुलाची तब्येत विचारली, तर फेरी आणि मजुरी दोन्ही वाचतील. हे काम आशाताईंवर ढकलू नये, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. प्रत्येक सर्दीला तारीख बदलावी लागत नाही. ताप, कफाचा खोकला किंवा छातीत घरघर असेल तर मात्र काही आठवडे थांबणे बरे. अडकलेल्या हर्नियाला थांबता येत नाही. अशा वेळी सर्दी आधी कळली तर भूलतज्ज्ञ औषध आणि नळी त्या हिशेबाने निवडतात.