बहाव्याचं बिऱ्हाड

घर बदलताना आपण भांडीकुंडी, गाद्या, सगळं बांधून नेतो. झाडाला घर बदलायचं असेल तर? आमच्या शाळेत हा प्रसंग खरोखरच आला.

आमचा भाग सोलापूरकडचा, कोरडा. पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. शाळेच्या कुंपणाशी एक बहावा होता, चार फूट उंचीचा. चौथीतल्या एका मुलीनं तो बियांपासून वाढवलेला. तिच्या आजोबांनी बहाव्याची लांब काळी शेंग आणली होती. बी फार टणक, म्हणून त्यांनीच ती गरम पाण्यात रात्रभर भिजवायला सांगितली. आजोबा आता नाहीत. आणि नेमक्या त्याच जागी पाण्याची टाकी बांधायचं ठरलं!

"बाई, झाड तोडणार?" तिनं विचारलं. मी "नाही" म्हणाले खरी, पण मनात धाकधूक होती. पूर्वी मी एक गुलमोहर ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी उपटून लावला होता. आठवड्यात वाळला.

असं का होतं? झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नव्हे. मुळांच्या टोकांजवळ केसांहून बारीक मूलरोम असतात, ते पितात. झाड उपटलं की तेच आधी तुटतात. वर पानं मात्र वाफ सोडतच राहतात. म्हणजे खर्च चालू आणि कमाई बंद!

यावेळी घाई केली नाही. मे महिन्यातच नव्या जागी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तापू दिला. जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर एक ढगाळ संध्याकाळ धरली. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी दिलं, म्हणजे माती मुळांना घट्ट धरते. मग खोडापासून फूटभर अंतरावर गोल खणत गेलो. सोटमूळ काही संपेना! दीड फुटावर ते तोडावंच लागलं. कुदळ मारताना त्या पोरीनं डोळे मिटून घेतले. (खरं सांगू? मीसुद्धा.)

मातीचा गोळा गोणपाटात सुतळीनं आवळला आणि चौघांनी चार कोपरे धरून नेला. गोळा फुटला की संपलं, म्हणून कुणी बोलतही नव्हतं. खड्ड्यात ठेवल्यावर गोणपाट काढलं आणि माती व कुजलेलं शेणखत भरलं. खोडाचा बुंधा पूर्वी जेवढा मातीत होता तेवढाच ठेवला. जास्त पुरला तर कुजतो. निम्मी पानं खुडली. मुलं हळहळली, पण खर्च कमी करायलाच हवा ना! आळं करून त्यात वाळला पालापाचोळा पसरला. शेजारी मातीचं नवं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. ते भरून झाकलं की पाणी हळूहळू पाझरतं, उन्हानं उडून जात नाही. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

आठ दिवसांत उरलेली पानंही गळाली. नुसती काठी! "मेलं," मुलं म्हणाली. मी नखानं साल किंचित खरवडली. आत हिरवं! "थांबा," म्हटलं. मडकं भरायची पाळी कुणी चुकवली नाही. रविवारीसुद्धा नाही. महिनाभरानं फांदीच्या टोकाला तांबूस, चिमुकली पालवी दिसली, तेव्हा मधली सुट्टी जरा लांबलीच.

याला आता दोन वर्षं झाली. बहावा उन्हाळ्यात फुलतो, पिवळ्या घोसांनी लगडतो. केरळात विषूच्या सणाला हीच फुलं देवापुढे मांडतात. आमचा अजून फुललेला नाही. बियांपासूनच्या झाडाला काही वर्षं लागतात. ती मुलगी आता सहावीत, दुसऱ्या शाळेत जाते. जाता-येता सायकल थांबवून कुंपणावरून डोकावते.

"बाई, यंदा?"

"यंदा नाही गं."

"बरं. मडकं भरलंय ना?"