हॅमना आधीच बोलवा

आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, क्लबची रविवारची हजेरी २ मीटर बँडवर होते. पाच वॅटच्या हँडसेटचा आवाज डोंगराआड गेला की मी गच्चीवर जाऊन यागी अँटेना हाताने फिरवते. थोडं डावीकडे, अजून थोडं, आणि खरखरीतून माणूस स्पष्ट बोलू लागतो. मध्ये ना टॉवर, ना कंपनी. गाडीची बॅटरी पुरते.

पुरात टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, डिझेल पोहोचत नाही, तेव्हा हेच कामाला येतं. २००४च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले. भारती प्रसाद तेव्हा हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्यांच्या रेडिओवरून कितीतरी घरांना आपली माणसं सुखरूप असल्याचं कळलं.

पण त्या तिथे होत्या, हा योगायोग. माझा आग्रह आहे की आपण योगायोगावर विसंबू नये. प्रशासनाच्या मान्सूनपूर्व बैठकीला होडीवाले येतात, सर्पमित्र येतात. परवानाधारक हॅमनाही बोलवा. प्रत्येक तालुक्याच्या नियंत्रण कक्षावर अँटेनेला जागा द्या, आणि रंगीत तालमीत तासभर मोबाइल बंद ठेवून फक्त रेडिओवर निरोप पाठवून पाहा. कुठली गावं डोंगराआड राहतात, ते मे महिन्यातच कळेल. तिथे आवाज पुढे पोहोचवणारा रिपीटर बसवायला आम्ही आहोत.