उत्स्फूर्ततेचा अभिनय

दोन वर्षांपूर्वी बेटेगावात एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. पाठवणीच्या वेळी तिच्या आईने पदराने डोळे टिपले. छायाचित्रकाराचा तो क्षण हुकला; म्हणून त्याने त्या माउलीला पुन्हा एकदा डोळे टिपावयास सांगितले. तिने ते निमूटपणे केले. या प्रकाराला 'कँडिड' म्हणतात आणि त्याचा दर वेगळा असतो.

मांडवात रांगेने उभे करून काढलेले छायाचित्र 'ट्रॅडिशनल', म्हणून कृत्रिम. दुरून, लांब भिंगाने, नकळत टिपलेले ते खरे, अशी समजूत आता सुशिक्षितांतही रूढ झाली आहे. आम्हांस नेमके उलट वाटते. रांगेतला मामा टोपी सरळ करतो, श्वास रोखतो. आपली छबी निघत आहे हे त्याला ठाऊक असते नि पाहणाऱ्यालाही. तेथे फसवणूक कोणाचीच नाही. उत्स्फूर्ततेचा अभिनय करवून घेणारी शैली मात्र आपले दिग्दर्शन लपवते.

याहून गंभीर गोष्ट धूसर पार्श्वभूमीची. भिंगाचे छिद्र मोठे ठेवले की वधूवर तेवढे रेखीव उमटतात आणि मागचे सारे विरघळते. पण लग्नात 'मागचे सारे' म्हणजे कोण? चुलत्या, आत्या, पंगतीत वाढणारे शेजारी, बोईसरच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले सोबती! जुन्या पद्धतीचे गोडवे आम्ही गात नाही. तिथेही खुर्च्या मानकऱ्यांना मिळत, आणि ३६ चित्रांच्या रोलमध्ये कोण बसणार हे यजमानच ठरवीत. तरी मागच्या ओळीत टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या बाईचाही चेहरा ओळखू येई.

त्या सभागृहाच्या मंचामागे फ्लेक्सवर वारली आकृत्या छापल्या होत्या. याच पालघर जिल्ह्यात वारल्यांच्या लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. मध्ये पालघाट देवी, भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ही कला कागदावर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आमचे विद्यार्थी पाठ करतात. त्या चौकात भोवतालची झाडेमाणसे धूसर नसतात, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि आम्ही त्याच आकृत्या नवरानवरीमागे टांगून, भिंगाने त्याही पुसून टाकतो!

असो. गेल्या पावसाळ्यात त्या मुलीची आजी निवर्तली. भिंतीवर लावण्यासाठी घरच्यांनी लग्नाचा जाडजूड अल्बम पानोपान चाळला. त्यात आजी तीन ठिकाणी होती, तिन्ही ठिकाणी नातीच्या खांद्यामागचा एक पांढुरका डाग. अखेर चेहरा मिळाला तो एका भाच्याने जेवणानंतर सर्वांना दटावून रांगेत उभे करून मोबाइलवर काढलेल्या फोटोत. आजी त्यात डावीकडून दुसरी आहे, आणि थेट आपल्याकडे पाहते आहे.