बॅटरी कुणासाठी राखून ठेवायची?



गेल्या महिन्यात महिला मंडळात एका वहिनींनी मला बाजूला घेतलं. "तुमच्याकडं पण सोलरची बॅटरी आहे ना? आमची रोज पीं पीं करते हो. मिस्त्री म्हणतो दोन्ही बदला. बदलू का?" मी म्हटलं, ते नंतर बघू. आधी सांगा, वाजते कधी? वहिनींना सांगता येईना. "वाजते की मधेच. वाजली की हे जाऊन बटण दाबून गप्प करतात."

दोन वर्षांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं. आमच्याकडंही बटण दाबून गप्पच करायचे.

आमचं घर शिरोळ तालुक्यात. २०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं नाही, पण वीज कित्येक दिवस नव्हती. त्यानंतर यांनी मनावर घेतलं आणि छतावर सोलर बसवलं, खाली बारा व्होल्टच्या दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूबलर बॅटऱ्या आणि हायब्रिड इन्व्हर्टर. पुढं मामंजींना दम लागायला लागला आणि डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मशीन आलं तेव्हा आम्ही सगळे एकच वाक्य बोललो, "बरं झालं, बॅटरी आहे."

दशलक्षण पर्वातली रात्र. सासूबाईंचा उपवास, मी एकाशनात. बाहेर पाऊस. पावणेदोनला लाईट गेली, मशीन बॅटरीवर चालू राहिलं, मी कूस बदलून झोपले. पुरता अर्धा तासही झाला नसेल, खालून पीं पीं सुरू झालं. थोड्या वेळानं इन्व्हर्टर बंद, मशीन बंद. छोटा सिलिंडर होता म्हणून निभावलं. यांचे हात थरथरत होते, नळी जोडायला मीच पुढं झाले. सासूबाई मामंजींच्या उशाशी णमोकार म्हणत बसल्या. सव्वाचारला लाईट आली.

सकाळी मिस्त्री आला, मीटर लावला, म्हणाला बॅटऱ्या गेल्या. पस्तीस हजारांच्या आसपास खर्च सांगितला. हे तर लगेच तयार झाले. रात्रीच्या भीतीपुढं पस्तीस हजार काय मोठे? पण माझी भाची इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते, ती पर्वासाठी आमच्याकडं आली होती. ती म्हणाली, "मावशी, नवीन घ्यायच्या तर घे. पण नवीन घेतल्यावर पुन्हा असंच होणार नाही कशावरून?"

आणि तिनं वही मागितली.

त्या वहीतला हिशेब मी इथं देते, कारण आपल्यापैकी किती जणींनी तो कधी केलाय, मला शंका आहे. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, दीडशेच्या, म्हणजे कागदावर ३,६०० वॉट-अवर. ट्यूबलर बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून साधारण निम्मी वापरायची, १,८००. त्यातलं थोडं इन्व्हर्टर खातो. हातात उरतात १,५००. मामंजींचं मशीन ३०० वॉटचं. म्हणजे भरलेल्या बॅटरीवर नुसतं मशीन चालवलं तर पाच तास.

पण नुसतं मशीन होतं कुठं? पर्वासाठी देव्हाऱ्यावर आणि व्हरांड्यात आम्ही झगमगत्या माळा लावल्या होत्या, साठ वॉटच्या, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दहा तास. ६०० तिथंच गेले. फ्रिज पूर्वी वेगळ्या लाईनवर होता, तो "दूध नासतं" म्हणून मीच इन्व्हर्टरवर घ्यायला लावला होता. रात्रीचे त्याचे ४०० धरा. वायफायचा डबा १००, टीव्हीचा डबा बंद दिसतो पण लाल दिवा जळत असतो, त्याचे १००. एकूण बाराशे. पंधराशेतून बाराशे गेले. मामंजींना उरले तीनशे, म्हणजे एक तास. आणि हे सगळं बॅटरी पूर्ण भरलेली धरून. चार दिवस ऊन नव्हतं, ती काय भरली असणार!

तुम्ही म्हणाल, लाईट तर पावणेदोनपर्यंत होती, मग माळा आणि फ्रिज बॅटरीवर कसे? हाच खरा घोळ होता. हायब्रिड इन्व्हर्टरला एक क्रम लावून दिलेला असतो: वीज आधी कुठून घ्यायची. आमच्याकडं तो असा होता, पहिलं ऊन, मग बॅटरी, आणि बॅटरी उतरली की मग सरकारी लाईट. बिल कमी यावं म्हणून बसवणाऱ्यानं तसा लावून दिला होता आणि यांना त्याचा फार अभिमान. पाहुण्यांना बिल दाखवायचे. म्हणजे रोज रात्री, घरात लाईट असतानाच, आम्ही बॅटरी उपसत होतो. लाईट गेली तेव्हा ती आधीच रिकामी होती. अशा घरात नवी बॅटरी आणली असती तरी तीही रोज रात्री रिकामीच झाली असती.

भाचीनं क्रम बदलला. आता पहिलं ऊन, मग सरकारी लाईट, बॅटरी शेवटी. आणि पावसाळ्याचे चार महिने बॅटरी लाईटवरूनही भरायची. बिल वाढलं. यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं. मी एवढंच विचारलं, "बॅटरी बिलासाठी घेतली होती की आण्णांसाठी?" त्यावर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच माळा उतरवायला स्टूल घेऊन आले.

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. घरातल्या बायकांनी ही गोष्ट "ते बघतील, मिस्त्री बघेल" म्हणून सोडून देऊ नये. कुठल्या वस्तूला मर्यादा कुठं घालायची, हे आपल्याइतकं कोण जाणतं? सूर्यास्ताच्या आत स्वयंपाक आवरणाऱ्या, चातुर्मासात कोणती भाजी सोडली ते न विसरणाऱ्या आपण. बारा व्रतांत भोगोपभोगपरिमाण आहे. ताटातल्या पदार्थांचं परिमाण आपण बोटांवर मोजतो, मग इन्व्हर्टरच्या लाईनवर काय काय लटकलंय ते का मोजत नाही? "सोलर म्हणजे फुकट, त्यात कसली हिंसा, वापरा कितीही" असं मी मंडळातही ऐकलंय. मला ते अजिबात मान्य नाही. ऊन फुकट आहे. बॅटरीत शिसं आहे, तेजाब आहे. आणि पावसाळ्यात रात्रभर जळणाऱ्या त्या माळांखाली सकाळी झाडू मारताना किती किडे निघायचे, ते मी स्वतः भरलेत सुपलीत. देवापुढं लावल्या म्हणून ते जीव मोजायचे नाहीत का?

उलट आपल्या घरांना एक सोय आपसूक आहे. आपला मिक्सर, वाटण, दळण, सगळं उजेडातच उरकतं. उन्हाची वीज असते तेव्हाच आपलं काम चालतं. बॅटरीला हात लावायची वेळच यायला नको.

आता "कधी वाजते" त्याविषयी. भाचीनं शिकवलेलं आणि नंतर मी वहीत टिपत गेले ते हे. रोज पहाटेच्या सुमारास वाजत असेल तर बहुतेक वेळा हिशेब चुकलेला असतो, किंवा दिवसा ती पूर्ण भरतच नाही. फ्रिज किंवा मोटर सुरू होताच एकदम वाजते आणि लगेच थांबते, तेव्हा त्या सुरू होण्याच्या झटक्यानं व्होल्टेज दबतं. बॅटरी थकलेली असेल किंवा एखादा टर्मिनल सैल असेल. लाईट गेल्यावर चार-पाच मिनिटांतच, थोड्याशा लोडवर वाजते, तर बॅटरीचं काहीतरी खरंच बिघडलंय. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते, १२ ला ती साधारण अर्धी. बहुतेक इन्व्हर्टर लोडवर साडेदहा-अकराच्या आसपास बोंब मारतात, आमच्यासारख्या दोन जोडलेल्या असतील तर त्याच्या दुप्पट. दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या. आमची एक १२.५ दाखवत होती, दुसरी ११.९. दोघींना एकत्र मोजून मिस्त्रीनं दोघींना नापास केलं होतं.

ती दुसरी का मागं पडली, ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. तिच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं होतं, हे एक. दुसरं म्हणजे तिच्यात पाणी मी घातलं होतं. डिस्टिल्ड पाणी संपलेलं, दुकान लांब. मला वाटलं, आपण पाणी गाळून, उकळून पितो, याहून शुद्ध ते काय असणार? आडाचं पाणी, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, उकळून गार केलेलं, ओतलं. फडक्यानं जीव वाचतात, पाण्यात विरघळलेले क्षार फडक्यातून खाली उतरतातच, आणि उकळल्यानं तर पाणी आटून क्षार आणखी दाट होतात. बॅटरीला ते क्षारच नको असतात. भाचीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तेव्हापासून डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन कपाटात कायम असतात, आणि पातळी मी महिन्याला बघते.

टर्मिनल साफ करणं मात्र घरी करू नका. पाना दोन्ही टोकांना टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ निरांजन, उदबत्ती अजिबात नको. आमच्या एका नातेवाइकांकडं बॅटरी देव्हाऱ्याखालच्याच कपाटात होती, ती मी भांडून हलवायला लावली. लिथियमची असेल तर ती उघडायचीच नाही, पाण्याचा प्रश्नही नाही.

छतावरही एकदा जाऊन या. आमच्या पॅनेलवर कबुतरांची घाण होती आणि शेजारच्या शेवग्याची सावली दुपारी तीननंतर एका कोपऱ्यावर यायची. पॅनेल ओळीनं जोडलेले असतील तर एकावरची सावली सगळ्या ओळीला मागं ओढते. शेजारच्या काकींनी फांद्या छाटू दिल्या, वर शेंगा दिल्या.

एक विषयांतर, कारण बऱ्याच जणी विचारतात. सूर्यघर योजनेतून, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळून, जे बसतं त्यात सहसा बॅटरी नसते. लाईट गेली की तेही बंद पडतं, तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. तो बिघाड नव्हे. घरात आजारी माणूस असेल तर हे आधी विचारून घ्या.

आमच्या त्या बॅटऱ्या पुढं चौदा महिने चालल्या. मग मात्र ती पाण्याची मारलेली खरंच गेली, आणि जुनीला नवी जोडत नाहीत म्हणून दोन्ही बदलल्या. मिस्त्री हसला. हसू दे. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला परत देऊन किमतीत वजावट घेतली. भंगारवाला दोनशे जास्त देत होता. पण तो मागच्या ओढ्याकाठी बॅटरी फोडून तेजाब ओततो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ओढ्यातल्या बेडकांचं, माशांचं काय होतं ते दोनशे रुपयांत बसत नाही. २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, तेव्हा दुकानदार नाही म्हणाला तरी मागं लागा. सिलिंडर अजून भरलेलाच ठेवतो. मशीन आता नव्या बॅटरीवर पाच तास चालतं, सहा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, मामंजींनासुद्धा.

परवा त्या वहिनींचा फोन आला. आठ दिवस वहीत लिहिलं म्हणाल्या. रोज पहाटे साडेचारला वाजते. साडेचारला काय करता, विचारलं. अभिषेकाच्या पाण्यासाठी मोटर लावतात, अर्ध्या एचपीची, इन्व्हर्टरच्याच लाईनवर. आता पूजेपुरतं पाणी आदल्या दिवशी उन्हात मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं आणि सकाळी तिथूनच गाळून घ्यायचं, असं ठरलंय. मिस्त्रीला पंधरा दिवस थांबायला सांगितलंय.