ओसाकाच्या आजी आणि बँकेचा ‘कुटुंबनिर्वाह’

पावसाळा लागला की ऑनलाइन इंग्रजी शिकवू लागलेल्या नव्या सभासदांची पत्रं वाढतात. १२० तासांचं टेफल प्रमाणपत्र पुरेल की सेल्टाच करावं, हेडसेट कोणता घ्यावा, डेमो व्हिडिओत मागची भिंत कोरी ठेवावी की नकाशा लावावा, असे ठरलेले प्रश्न त्यांत असतात. यंदाची पत्रं वेगळी आहेत. लिहिणाऱ्यांना विद्यार्थी मिळालेत, तास झालेत, तिकडून पैसेही निघालेत आणि ते इथे आपल्या शाखेत येऊन अडकलेत. तेव्हा प्रमाणपत्राचा प्रश्न आधी दोन वाक्यांत मिटवतो. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, कुणाच्या तरी नजरेखाली शिकवायला लावणारा कोर्स करा. सेल्टात असं शिकवणं किमान ६ तास असतं, नुसत्या व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषांच्या स्वस्त कोर्सात मिनिटभरही नसतं. प्रोफाइलवर लावायला कागद हवा म्हणून स्वस्तातला कोर्स केलात तरी हरकत नाही, मात्र त्यातून शिकवायला येईल अशी आशा ठेवू नका.

आता बँक. नाशिकच्या एका शिक्षिकेकडे ओसाकाच्या एक निवृत्त बाई शिकतात. लेव्हल बी-१, आठवड्यातून दोनदा संभाषणाचा तास, मधे कुठलाही प्लॅटफॉर्म नाही. स्विफ्टचा खर्च वाचावा म्हणून त्या तीन महिन्यांची फी एकदम पाठवतात. रक्कम आली, बँकेने डिस्पोजल इन्स्ट्रक्शन मागितली, शिक्षिकेने कारणाच्या रकान्यात ‘इंग्लिश ट्यूशन फी’ असं स्वच्छ लिहिलं. पैसे जमा झाले. पुढे कर्जाच्या अर्जासाठी तिने रेमिटन्स ॲडव्हाइस काढून घेतला, तर पर्पज कोड पी-१३०१. रिझर्व्ह बँकेच्या यादीत हा कोड अनिवासी भारतीयांनी कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणि बचतीसाठी पाठवलेल्या पैशांचा आहे. म्हणजे ओसाकात जन्मलेल्या, भारतात कधी पाऊल न टाकलेल्या आजीबाई बँकेच्या लेखी अनिवासी भारतीय झाल्या आणि नाशिकचं एक घर चालवू लागल्या!

ती शाखेत गेली. तिथला संवाद तिने पत्रात जसाच्या तसा लिहून पाठवलाय.

‘पैसे कंपनीकडून आलेत का मॅडम? नाही ना? व्यक्तीकडून आलेत. मग पर्सनलच झालं की.’

तिने यादी उघडून पी-११०७ दाखवला. शैक्षणिक सेवा.

‘हो, पण यात इन्स्टिट्यूशन लिहिलंय. तुमची इन्स्टिट्यूट कुठली?’

‘मी घरून एकटीच शिकवते.’

‘मग इन्स्टिट्यूटचं लेटरहेड आणा. आणि हे बघा, कॉरस्पॉन्डन्स कोर्स म्हटलंय. तुमचं तर झूमवर चालतं ना?’

बाजूच्या टेबलावरच्या साहेबांनी तोडगाही सुचवला : झूम म्हणजे सॉफ्टवेअर, तेव्हा सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा पी-०८०२ टाकून द्या, कुणी विचारत नाही.

पी-११०७च्या पुढे कंसात एक उदाहरण आहे. भारतीय संस्थांनी अनिवासींसाठी चालवलेल्या पत्रद्वारा अभ्यासक्रमांची फी, असं ते उदाहरण. त्याच्या आधी ‘उदाहरणार्थ’ हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. परदेशी माणूस भारतात कुणाकडून शिकला तर पोस्टानेच शिकणार, अशा समजुतीच्या काळातलं ते दिसतं. शैक्षणिक सेवा या शब्दांत आपलं काम नीट बसतं; पण काउंटरवर उदाहरणच नियम होऊन बसतं आणि नियम नुसता शीर्षकापुरता उरतो. पुण्यातल्या एका शाखेने आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा कोड, मागितला. सेवा निर्यात करणाऱ्याला परकीय व्यापार धोरणातले लाभ घ्यायचे नसतील तर आयईसी लागत नाही, हे त्या शाखेला आपल्या सभासदानेच सांगितलं. ‘तुम्ही काढूनच ठेवा ना, बरं असतं’ असं उत्तर मिळालं. हे लोक सल्ला द्यायला बसलेत की काम करायला, कळत नाही.

कोडाने काय बिघडतं, पैसे तर जमा झाले, असं म्हणणारे सभासदही आहेत. त्यांनी जरा पुढचं बघावं. ज्यांना व्यक्तीकडून आलेली रक्कम म्हणून पी-१३०२, म्हणजे वैयक्तिक भेट, हा कोड लागलाय त्यांनी तर विशेष. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात ५० हजारांच्या वर भेट मिळाली की प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे ती सगळी रक्कम उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नव्हे. शिकवणीच्या उत्पन्नातून तुम्ही इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा, प्लॅटफॉर्मचं कमिशन वजा करू शकता. भेटीतून काय वजा करणार? उलाढाल २० लाखांच्या पुढे गेलेले काही मोजके भाग्यवान आपल्यात आहेत. त्यांची सेवा जीएसटीत शून्य दराची ठरायला ती निर्यात ठरावी लागते, आणि निर्यात ठरायला पैसे परकीय चलनात, सेवेच्या मोबदल्यात आलेत हे दिसावं लागतं. आरएफडी-११ भरून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दिलंत आणि ॲडव्हाइसवर ‘कुटुंबनिर्वाह’ असेल, तर जीएसटीच्या अधिकाऱ्यासमोर काय ठेवणार? नाशिकच्या शिक्षिकेची अडचण याहून साधी होती. त्याच बँकेच्या कर्ज विभागाने तिला विचारलं, ‘मॅडम, हे तर घरून आलेले पैसे दिसतात. तुमचं स्वतःचं उत्पन्न कुठंय?’

इथवर बँकेचं. आता आपलं.

पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला आम्ही उलट एकच विचारलं : इनव्हॉइस केलं होतं का? बहुतेकांनी नाही म्हटलं. एकाने विद्यार्थ्याशी झालेल्या व्हॉट्सॲप गप्पांचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात फीच्या आकड्यापुढे हसरा चेहरा आहे. हे घेऊन फॉरेक्स डेस्कशी भांडायचं? काही महाभागांनी तर विद्यार्थ्यालाच सांगून ठेवलंय की पाठवताना रिमार्कमध्ये ‘गिफ्ट’ लिहा, म्हणजे कर लागत नाही. कर लागतो, वर दंडाची टांगती तलवार. आणि एका सभासदाच्या चलाखीमुळे पुढच्या दहा सभासदांकडे शाखा संशयाने बघते. असल्या तक्रारी पुढच्या अंकात छापल्या जाणार नाहीत, हे इथेच सांगून ठेवतो.

इनव्हॉइस म्हणजे काही बाऊ नाही. क्रमांक, तारीख, तुमचं नाव-पत्ता-पॅन, विद्यार्थ्याचं नाव आणि देश, सेवा म्हणून ‘ऑनलाइन इंग्लिश लँग्वेज ट्यूशन’, किती तास, तासाचा दर, चलन, आणि खाली पर्पज कोड पी-११०७. एका पानात मावतं. पैसे येण्याआधी ते विद्यार्थ्याला ईमेलने जाऊ द्या आणि त्याची प्रत डिस्पोजल इन्स्ट्रक्शनसोबत बँकेला. जपानी, कोरियन किंवा जर्मन विद्यार्थ्याला इनव्हॉइस मिळालं की तो खूशच होतो, आपल्याकडे मात्र शिकवणीची पावती देणं अजून कमीपणाचं वाटतं.

पेमेंट कंपन्यांच्या मार्गाने पैसे घेणाऱ्यांची स्थिती त्या मानाने बरी आहे. ३१ ऑक्टोबर २०२३च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सीमापार पेमेंट कंपन्यांना थेट आपल्या नियमनाखाली आणलं, त्यामुळे तिथे कागद निदान ठरावीक साच्यात मिळतात. पण कोड निवडायचा रकाना तिथेही असतो आणि तो भरता तुम्ही. खातं उघडताना घाईत जे समोर दिसलं ते निवडलं, आणि मग दोन वर्षं तोच कोड प्रत्येक रकमेवर बसत गेला, असे कितीतरी जण निघतील. आज लॉगइन करून बघा. अमेरिकी प्लॅटफॉर्म डब्ल्यू-८बीईएन मागतो तेव्हा घाबरून खातं अर्धवट सोडणाऱ्यांनाही हेच सांगणं : आपण अमेरिकेचे करदाते नाही, एवढंच त्या फॉर्मवर सांगायचं असतं. भरा आणि कामाला लागा.

दराबद्दल थोडं बोलणं भाग आहे, कारण बँकेची कात्री दरावरच चालते. तासाला ४ डॉलर लावून विद्यार्थी खेचणाऱ्या नवख्यांनी एकदा हिशोब करावा. प्रेप्ली या प्लॅटफॉर्मवर पहिल्या २० तासांना ३३ टक्के कमिशन जातं, ४०० तासांच्या पुढे गेल्यावर ते १८ टक्क्यांवर येतं. नव्या विद्यार्थ्याच्या ट्रायलची तर सगळी फी कंपनीची. ४ डॉलरचे हातात आले २ डॉलर ६८ सेंट. त्यातून पैसे काढायचा खर्च, चलन बदलण्यातला फरक, आणि बँकेने रुपये केले की त्या बदलावर जीएसटी. कितीही छोटी रक्कम असली तरी तो किमान ४५ रुपये लागतोच. म्हणून रक्कम साठवून, महिन्यातून एकदाच काढा. आणि दर असा लावा की हे सगळं गेल्यावर घरकामाला येणाऱ्या मावशींच्या तासाइतकं तरी उरेल. ‘रिव्ह्यू आले की वाढवू’ म्हणणाऱ्यांचा पहिला विद्यार्थी दर वाढवताच निघून जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

‘नेटिव्ह स्पीकरच घेतात, आपल्याला कोण विचारतं’ ही रडगाणी या अंकात घेतलेली नाहीत. फक्त अमेरिका आणि कॅनडाचे शिक्षक घेणाऱ्या व्हीआयपीकिडसारख्या कंपन्यांचा चिनी शालेय बाजार जुलै २०२१च्या सरकारी फतव्यानंतर बसला, तेव्हा त्यांचे गोरे शिक्षकही रस्त्यावर आले. आपला विद्यार्थी प्रोफाइल बघून, व्हिडिओ ऐकून स्वतः निवड करणारा प्रौढ माणूस आहे. त्याला तुमचा बीजगणिताचा किंवा बँकेतला किंवा नर्सिंगचा अनुभव हवा असतो. भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरूंनी १९८५ मध्ये भारताला इंग्रजीच्या बाह्य वर्तुळात बसवलं, त्यावर वाद पुष्कळ झालेत. ओसाकाच्या आजींना त्यांच्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना गुरुवारी सकाळी वेळेवर लॉगइन होणारी शिक्षिका हवी आहे.

तर या महिन्यात सगळ्यांनी मिळून एक काम करायचं आहे. गेल्या आर्थिक वर्षातले आपले सगळे ॲडव्हाइस काढा. मिळत नसतील तर शाखेकडे लेखी मागा. तोंडी विचारून ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकून परत येऊ नका. चुकीचा कोड असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या, इनव्हॉइस जोडा, आणि प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिला फी नाही, वकील लागत नाही. शाखाधिकारी ओळखीचे आहेत, वाईट वाटेल, असलं काही मनात आणू नका. आपण त्यांच्याकडे परकीय चलन आणतो, उपकार मागत नाही.

दुरुस्त झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे कागद आमच्याकडे पाठवा. ते एकत्र करून आम्ही रिझर्व्ह बँकेच्या परकीय चलन विभागाला निवेदन देणार आहोत. मागणी एका ओळीची आहे : पी-११०७च्या पुढच्या उदाहरणात घरून ऑनलाइन शिकवणाऱ्या वैयक्तिक शिक्षकाची फी घाला. सुटे पाच-दहा कागद गेले तर तिथे कुणी उघडूनही बघणार नाही, म्हणून ज्यांचं सगळं सुरळीत आहे त्यांनीही पाठवावेत. कोणत्या बँकेत योग्य कोड मुकाट्याने लागतो हेही निवेदनात दाखवायचं आहे. येत्या २० तारखेपर्यंत स्कॅन प्रती पोहोचाव्यात. तुमचं आणि विद्यार्थ्याचं नाव, खाते क्रमांक झाका. तारीख, रक्कम, कोड आणि शाखेचं नाव उघडं ठेवा.