मवाळ कोण?

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच गेलेला माणूस सुरुवातीलाच दचकतो. दिवे मंदावतात, गडी गिटार घेऊन मंचावर येतो आणि हजारो माणसं एका दमात 'बूऽऽ' करून ओरडू लागतात. अमेरिकेत 'बू' म्हणजे सरळ हुर्यो. पदरचे पैसे मोजून आलेले लोक गाणं सुरू व्हायच्या आतच हुर्यो कशाला उडवताहेत, हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. मग शेजारचा कुणी जुना चाहता समजावतो की, बाबा रे, हा नामघोष आहे. 'ब्रूऽऽस'मधला शेवटचा 'स' गर्दीत बुडून जातो, इतकंच.

चाहत्यांचं प्रेम आणि चाहत्यांचा राग यांच्यात कधी कधी एका 'स'चंच अंतर असतं. १९९५ साली ते अंतर बरंच कमी झालं होतं.

खरं तर त्या वर्षाची सुरुवात मोठ्या आशेनं झाली होती. १९८९मध्ये स्प्रिंगस्टीननं आपल्या 'ई स्ट्रीट बँड'ला निरोप दिला. १९९२मध्ये दुसरे साथीदार घेऊन त्यानं एकाच दिवशी दोन अल्बम काढले, ते जुन्या मंडळींना फारसे रुचले नाहीत. १९९५च्या आरंभी मात्र निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी त्यानं जुन्या बँडला पुन्हा स्टुडिओत बोलावलं. आता सगळे एकत्र येणार, पुन्हा स्टेडियमं दणाणणार, म्हणून चाहते देव पाण्यात घालून बसले. नोव्हेंबरात हाती आला 'द घोस्ट ऑफ टॉम जोड'. एक गिटार, एक हार्मोनिका, काही गाण्यांत अगदी हलकी साथ, आणि पलीकडच्या खोलीतलं कुणी जागं होऊ नये अशा बेतानं गाणारा आवाज. दौराही एकट्याचा, छोट्या नाट्यगृहांतला. त्यातही कार्यक्रमाच्या आरंभी स्वतः गायकाची विनंती असे, की कृपा करून शांत राहा. म्हणजे नामघोषही बंद!

अमेरिकेच्या विक्री-यादीत हा अल्बम ११व्या क्रमांकावर थांबला. दुसऱ्या कुणी यावर पेढे वाटले असते. पण १९७५पासून ज्याचा प्रत्येक नवा अल्बम पहिल्या पाचांत गेला होता, त्याच्यासाठी ही घसरण होती. चाहत्यांनी निदान करून टाकलं, की गडी थकला, पैसा झाला, वय झालं, मवाळ झाला.

'मवाळ' हा शब्द मराठी माणसाला नुसता ऐकून सोडून देता येत नाही. आपल्याकडे त्याच्यासाठी १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जोडा भिरकावला गेला आहे. हळू बोलणारा तो मवाळ आणि मोठ्यानं बोलणारा तो जहाल, अशी सोयीची वाटणी आपणही पुष्कळ वर्षं चालवली. गोपाळ कृष्ण गोखले मात्र कौन्सिलात आवाज न चढवता सरकारच्याच अंदाजपत्रकातले आकडे सरकारला ऐकवत, आणि ते आकडे सरकारला बोचत. आवाजाची पट्टी आणि म्हणण्याची धार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला तरी नव्यानं सांगायला नको.

आता या 'मवाळ' अल्बमात राहतं कोण ते पाहा. टॉम जोड हा जॉन स्टाइनबेकच्या १९३९च्या कादंबरीतला, जमीन गमावून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलेला शेतकऱ्याचा पोरगा. त्याचं भूत १९९५च्या अमेरिकेत फिरतं आहे. त्याला ओहायोतल्या यंग्सटाउनचा पोलाद कामगार भेटतो. युद्धासाठी लागणारं पोलाद ज्या भट्ट्यांनी पुरवलं, त्या विझलेल्या त्यानं पाहिल्या आहेत. मेक्सिकोतून आलेले दोन भाऊ भेटतात. शेतातल्या राबण्यापेक्षा अमली रसायन शिजवण्यात पैसा जास्त म्हणून ते त्या धंद्यात पडतात. सॅन दिएगोच्या बागेत रात्र काढणारी बेवारस पोरं भेटतात, सीमेवर पहारा करणारा शिपाई भेटतो, टेक्ससच्या किनाऱ्यावरचा व्हिएतनामी कोळी भेटतो. हे सगळं कधी लिहिलं? कागदपत्रांविना आलेल्यांना सरकारी शाळा आणि उपचार नाकारणारा प्रस्ताव कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९४च्या नोव्हेंबरात मंजूर केला. त्यानंतर वर्षभरानं अमेरिकेतला एक लोकप्रिय गोरा गायक त्याच माणसांची गाणी घेऊन येतो. मुठी आवळून ओरडण्याजोगं त्यात काही नाही, एवढ्यावरून त्याला मवाळ म्हणायचं?

मुठीचा हिशेब एकदा नीट करायला हवा. स्प्रिंगस्टीन म्हटलं की जगाला 'बॉर्न इन द यू.एस.ए.' आठवतं. १९८४च्या त्याच नावाच्या अल्बममधली सात गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. १९८८मध्ये ॲम्नेस्टीच्या मानवी हक्क दौऱ्याबरोबर तो दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर येऊन गेला, तेव्हा आपल्याकडच्या रॉकवेड्यांच्या डोळ्यांपुढेही तोच स्प्रिंगस्टीन होता, गळ्याच्या शिरा ताणून गाणारा. आणि त्या गाण्यात आहे काय? व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेला, काम न मिळालेला, कुणाला नकोसा झालेला एक माणूस. धृपद गर्जनेचं आणि कडवी फरफटीची. लोकांनी धृपद उचललं आणि कडवी तिथंच टाकून दिली. १९ सप्टेंबर १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या प्रचारसभेत रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचं कौतुक केलं. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावरून स्प्रिंगस्टीननं विचारलं, की अध्यक्षांचा आवडता अल्बम कुठला असेल बरं? 'नेब्रास्का' तर नसावा. आणि त्यानं 'नेब्रास्का'मधलंच, कारखाना बंद पडल्यावर हातून खून झालेल्या कामगाराचं गाणं धरलं.

इथं एक गंमत आहे. 'बॉर्न इन द यू.एस.ए.'चा पहिला खर्डा 'नेब्रास्का'च्याच वेळचा. १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथं, भाड्याच्या घरातल्या झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर स्प्रिंगस्टीननं एकट्यानं काही गाणी मुद्रित केली. बँडला चाली कळाव्यात, एवढाच हेतू होता. ती कॅसेट कितीतरी दिवस विनाडबीची त्याच्या खिशात फिरत होती. पुढं बँडबरोबर स्टुडिओत त्या गाण्यांवर मेहनत झाली. त्यातली काही फुलली, बरीचशी मात्र बँडच्या वजनाखाली गुदमरली. शेवटी खिशातल्या कॅसेटवरची गाणी तशीच, सरसर आवाजासकट, 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. दौरा नाही, मुलाखती नाहीत. म्हणजे जगातल्या सर्वांत दणदणीत गाण्यांपैकी एक जन्मलं ते झोपायच्या खोलीत, दबक्या आवाजात. टॉम जोडच्या दौऱ्यात त्यानं ते पुन्हा त्या खोलीत नेलं. एका गिटारवर, कोरडं, कण्हल्यासारखं. अकरा वर्षं ज्यांनी धृपदावर हात उंचावले होते, त्यांच्या हाताला काही काम उरलं नाही. मधली कडवी ऐकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

चाहत्यांच्या कुरकुरीचं मूळ मला इथं दिसतं. मोठ्या कार्यक्रमात अर्धं गाणं गायकाचं असतं, अर्धं समोरच्यांचं. आठवडाभर यंत्रापुढं उभा राहिलेला माणूस शनिवारी रात्री तीन तास घसा फोडतो, तेव्हा तो नुसता ऐकत नसतो, स्वतःला ऐकवतही असतो. यात हसण्यासारखं काही नाही. स्प्रिंगस्टीनच्या मोठेपणाचा निम्मा पाया तोच आहे. पण गायक हळू गाऊ लागला की हा वाटा नाहीसा होतो. 'याच्यात पूर्वीचा दम राहिला नाही', असं चाहता म्हणतो, तेव्हा बहुधा त्याचं म्हणणं असतं, 'याच्यात मला जागा राहिली नाही.' दुखणं खरं आहे, फक्त ते गायकाच्या घशात नाही.

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे कळायला जड जाऊ नये. 'वन्स मोअर' ही दाद असते तशी मागणीही असते. नवं नको, तेच आण, आणि तस्संच आण. दाद देणारा हळूहळू मालक होतो, तो असा.

याचा अर्थ हळू गाणारा प्रत्येक जण थोर आणि कुरकुरणारा प्रत्येक चाहता अडाणी, असा मुळीच नाही. पुष्कळ गायक खरोखर थकल्यामुळे सौम्य होतात. सांगायला काही उरत नाही, मग तंतुवाद्यं आणून बसवतात आणि त्याला प्रगल्भता म्हणतात. 'टॉम जोड'वरही सरळ टीका करता येते. चाली एकमेकींच्या अंगावर पडतात, काही गाणी गाण्यापेक्षा वृत्तान्ताच्या जवळची आहेत, सलग ऐकताना शेवटाकडे लक्ष सुटतं. ही तक्रार रास्त आहे, कारण ती ऐकून केलेली आहे. 'फारच हळू आहे बुवा' ही तक्रार मात्र न ऐकताही करता येते. उलट, १९९२चे ते दोन अल्बम काही हळू नव्हते. आवाज भरपूर होता, तरी ते जुन्या चाहत्यांच्या मनात घर करू शकले नाहीत.

पुढं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९९६च्या नोव्हेंबरात ज्या गावात तो वाढला त्या फ्रीहोल्डमध्ये, लहानपणी जिथं शिकला त्या चर्चच्या शाळेत, स्प्रिंगस्टीननं गावकऱ्यांपुरता कार्यक्रम केला, गावातल्या स्पॅनिशभाषक वस्तीसाठीच्या केंद्राला मदत म्हणून. गाण्यातली माणसं शोधायला त्याला सीमेपर्यंत जावं लागलं नव्हतं. १९९७मध्ये 'रेज अगेन्स्ट द मशीन' या कडव्या बँडनं टॉम जोडचं तेच गाणं कानठळ्या बसतील असं वाजवलं. त्यांना ते मवाळ वाटलं नव्हतं, हे उघड आहे. १९९९मध्ये ई स्ट्रीट बँड खरोखरच एकत्र आला आणि यंग्सटाउनच्या भट्टीचं गाणं विजेच्या गिटारीवर पेटलं. चाहते खूश. शब्द तेच, माणूस तोच, भट्टीही तीच विझलेली. वाढली होती ती फक्त पट्टी.

आणि २०१७च्या ऑक्टोबरापासून पुढच्या वर्षअखेरपर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, हजाराच्या आत खुर्च्या असलेल्या थिएटरात, तोच माणूस एक गिटार, एक पियानो आणि आठवणी घेऊन २३६ वेळा उभा राहिला. तिकिटासाठी झुंबड उडाली. लोक चिडीचूप बसून ऐकत. १९९५मध्ये जी शांतता मागून घ्यावी लागली होती, ती आता लोक पैसे देऊन पाळत होते. गायकाचं वय वाढलं होतं, चाहत्यांचंही. कुणी म्हणेल, तेही मवाळ झाले. मी म्हणेन, त्यांना ऐकू यायला लागलं.

तरी जुनी खोड जात नाही. 'नेब्रास्का'ची बँडबरोबरची आवृत्ती पेटीत कुठंतरी पडली आहे, या कल्पनेनं चाहत्यांनी चाळीस वर्षं ध्यास घेतला होता. २०२५च्या ऑक्टोबरात, त्या अल्बमवरच्या चित्रपटाच्या जोडीनं, ती गाणीही बाहेर आली. ऐकायला जरूर ऐकावीत, ढोल चांगले वाजले आहेत. पण मग एकदा खिशातली कॅसेट लावून पाहावी. गाण्याला कधी काय नको असतं, हे त्या माणसाला तेहतिसाव्या वर्षाच्या आत कळलं होतं. आपल्याला कळायला चाळीस वर्षं लागली, तर तो दोष त्याच्या पट्टीचा नाही.

नाव पूर्ण ऐकू यायला फार काही लागत नाही. 'ब्रूऽऽस'मधला तो बुडालेला 'स'सुद्धा ऐकू येतो, फक्त ओरडणाऱ्यानं श्वास घ्यायला क्षणभर थांबलं पाहिजे.