वारसा सांगण्याआधी काच घासू या

'प्रकाशशास्त्राचा जनक आमचा' असं लिहिलेलं इब्न अल-हैसमचं चित्र मीही ग्रुपवर पुढे पाठवायचो. मग परभणीत घराच्या गच्चीवर दुर्बिणीच्या आरशासाठी सहा इंची काच घासायला बसलो आणि फॉरवर्ड करणं थांबलं.

कृती साधी आहे. काचेच्या दोन चकत्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची काच पुढेमागे घासत, फिरवत राहिलं की ती खोलगट होते, खालची फुगीर. पूड टप्प्याटप्प्याने बारीक करायची, शेवटी सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकही चालत नाही. ती दिवा आणि ब्लेडच्या धारेने घरीच पकडता येते. ही फुकोची १८५८ची युक्ती. चरा राहिला तर मागच्या टप्प्यावर जायचं. इथे 'अनडू' नाही.

इब्न सहलने ९८४च्या सुमारास भिंगाचा आकार भूमितीने काढला. इब्न अल-हैसमने टॉलेमीसारख्या थोरावर शंका घेणारा ग्रंथ लिहिला आणि प्रयोग करून पाहिले. वारसा सांगायचा तर ही सवय लावून घ्यावी लागेल.

आपल्याकडे शिकलेल्या पोराला हात मळवणं कमीपणाचं वाटतं आणि कारागिराच्या पोरापर्यंत भूमिती पोहोचत नाही. दोघांना एकाच काचेवर बसवायला हवं. पुण्यात आयुकाने अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. परभणी, जिंतूर, पाथरीच्या उर्दू-मराठी शाळांत, मुलींनाही सोबत घेऊन, त्या का होऊ नयेत? चांद दिसला की नाही यावर वाद घालणाऱ्या आपण सगळ्यांनी एकदा स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहू या.